पोर्टलवरचे विद्यापीठ आणि रांगेतली माणसे

बारावीचे निकाल लागले की आपल्या मंडळाच्या कार्यालयात संध्याकाळी मुलांची गर्दी होते. पूर्वी ही मुले शिष्यवृत्तीच्या अर्जासाठी येत, अभ्यासिकेची चौकशी करायला येत, नाहीतर गणेशोत्सवातल्या एकांकिकेत काम मिळेल का म्हणून डोकावत. गेली दोन-तीन वर्षे ती वेगळ्याच कामासाठी येतात. "काका, ओटीपी येत नाहीये." "मावशी, नाव जुळत नाही असं म्हणतंय." कोण म्हणतंय, असे विचारले की मूल मोबाइलचा पडदा पुढे करते. बोलणारा तिथे कोणी नसतो.

मागच्या हंगामात असाच एक मुलगा आला होता. बडोद्यातच जन्मलेला, तिसऱ्या पिढीतला. शाळेच्या दाखल्यावर त्याचे आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचे नाव, आणि वडिलांच्या नावापुढे गुजरातच्या रीतीप्रमाणे 'भाई'. आधार कार्डावर नाव आधी, आडनाव शेवटी, आणि 'भाई' गायब. बँकेच्या पासबुकावर वडिलांचे फक्त एक आद्याक्षर. एकाच घरातल्या एकाच गृहस्थाचे दाखल्यावर संजयभाई, आधारवर संजय आणि सासुरवाडीच्या लग्नपत्रिकेत संजयराव. माणसांना यात कधी अडचण आली नाही. संगणकाला मात्र ही तीन वेगळी माणसे वाटतात. त्या मुलाचा एबीसी आयडी निघेना आणि त्याच्याशिवाय परीक्षेचा फॉर्म पुढे सरकेना. बाप-लेक दोन आठवडे एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात हिंडत होते. आपल्या बडोद्याच्या बोलीत ज्याला धक्के खाणे म्हणतात, ते त्यांनी पोटभर खाल्ले.

एका 'भाई'पायी एवढे रामायण का व्हावे, याचा विचार आम्ही मंडळात बराच केला. हा लेख त्यातूनच निघाला आहे.

आधी पार्श्वभूमी. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने विद्यार्थ्याला एका विद्यापीठातले श्रेयांक दुसऱ्या विद्यापीठात नेता यावेत, मध्ये शिक्षण सोडून पुन्हा सुरू करता यावे, असे ठरवले. कल्पना चांगली आहे, त्याबद्दल दुमत नाही. त्यासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने जुलै २०२१ मध्ये श्रेयांक बँकेचे नियम काढले. तीच ही एबीसी. पुढे तिला 'अपार' या बारा आकडी विद्यार्थी क्रमांकाची जोड मिळाली. गुणपत्रके डिजिलॉकरमध्ये गेली. राज्य सरकारांनी आपापली प्रवेश पोर्टले उभारली. गुजरातेत २०२४ पासून सरकारी विद्यापीठांचे प्रवेश जीकॅस या एकाच पोर्टलमार्फत होऊ लागले. कर्नाटकात यूयूसीएमएस नावाची एकच प्रणाली सगळ्या सरकारी विद्यापीठांना लागू झाली. बेळगावचे राणी चन्नम्मा विद्यापीठही तिच्यात आले, आणि गुणपत्रके वेळेवर न मिळाल्याच्या तक्रारी राज्यभर गाजल्या. आपले बेळगावचे नातेवाईक फोनवर जे सांगतात ते ऐकले की वाटते, गाव बदलले, भाषा बदलली, पण तक्रार बदललेली नाही.

याशिवाय प्राध्यापकांची माहिती गोळा करणाऱ्या प्रणाली आहेत, ग्रंथालयांच्या आहेत, प्रबंधांच्या आहेत, मूल्यांकनाच्या आहेत. व्यवस्थापनशास्त्रात या सगळ्याला मिळून ज्ञानव्यवस्थापन असे भारदस्त नाव आहे. संस्थेला जे जे ठाऊक आहे ते एका जागी नोंदवून ठेवायचे, म्हणजे माणूस गेला तरी ज्ञान जात नाही, हा त्यामागचा विचार. विचारात खोट नाही. प्रत्यक्षात होते असे की ज्ञान नीट नोंदवले जाण्याआधीच माणूस जातो.

याचे सर्वांत मोठे उदाहरण आपल्या सर्वांच्या ओळखीचे आहे: मुंबई विद्यापीठ, २०१७.

१८५७ साली स्थापन झालेले हे विद्यापीठ. त्या वर्षी उन्हाळी परीक्षांच्या तोंडावर तत्कालीन कुलगुरू संजय देशमुख यांनी सर्व उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याचा निर्णय घेतला. आधी एखाद्या विद्याशाखेत करून पाहावे, मग वाढवावे, असे झाले नाही. एकदम सगळ्याच परीक्षा घेतल्या. परीक्षा ४७७, उत्तरपत्रिका सतरा लाखांवर. प्रत्येक उत्तरपत्रिका सुटी करायची, पानन् पान स्कॅन करायचे, ते योग्य विषयाच्या योग्य परीक्षकाच्या खात्यात पोहोचवायचे आणि त्याने पडद्यावर गुण द्यायचे. कंत्राटाचे काम पूर्ण व्हायलाच एप्रिल उलटला होता. परीक्षा तोवर सुरू झाल्या होत्या.

पुढे काय झाले ते वर्तमानपत्रांतून रोज येत होते. काही परीक्षकांना खाते उघडेना, काहींच्या खात्यात भलत्याच विषयाची पाने, कुठे पुरवणी मूळ उत्तरपत्रिकेपासून तुटलेली. महाविद्यालयांतल्या संगणकांची संख्या आणि इंटरनेटचा वेग हा प्रश्न वेगळाच. राज्यपाल सी. विद्यासागर राव यांनी ३१ जुलैची मुदत घातली. ती टळली. शिकवणे बंद ठेवून प्राध्यापकांना तपासणीला बसवावे लागले. बाहेरच्या विद्यापीठांतील प्राध्यापकांची मदत घ्यावी लागली. शेवटचे निकाल लागेपर्यंत सप्टेंबर उजाडला. कायद्याने पंचेचाळीस दिवसांत निकाल लागायला हवा असताना ही गत. ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून दूर केले गेले. त्या विद्यापीठाच्या इतिहासात असे प्रथमच घडले.

बातम्यांचा सगळा रोख कुलगुरूंवर आणि कंपनीवर राहिला. पण खरी किंमत कोणी मोजली? परदेशी प्रवेश मिळालेला मुलगा, ज्याला अंतिम गुणपत्रक दाखवता आले नाही. कायद्याचा पदवीधर, ज्याला पुढच्या प्रवेशाची मुदत निघून जाताना बघत बसावे लागले. नोकरीचे पत्र हातात असून रुजू होता न आलेली मुलगी. ज्यांच्या उत्तरपत्रिका सापडल्याच नाहीत त्यांना सरासरी गुण देऊन मोकळे केले गेले. म्हणजे त्या मुलाने त्या दिवशी त्या वर्गात बसून काय लिहिले होते, हे आता कोणालाच कधी कळणार नाही. फेरतपासणीला अर्ज करणाऱ्यांना पुन्हा त्याच यंत्रणेच्या दारात उभे राहावे लागले.

आणि परीक्षक. साठीला टेकलेले, आयुष्यभर लाल पेनने तपासत आलेले प्राध्यापक. कागदावर तपासताना हाताला एक लय असते, पान उलटताना मागचे उत्तर आठवते, शंभराव्या पेपरला पहिल्याची तुलना मनात राहते. पडद्यावर सहा-सहा तास पाहून डोळे चुरचुरतात, आणि खाते मधेच बंद पडले की दिलेले गुण टिकले की गेले हे कळत नाही. वर बाहेर बातमी, की प्राध्यापक काम करत नाहीत. आम्हाला वाटते, त्या उन्हाळ्यात सर्वाधिक अन्याय कोणावर झाला असेल तर तो या मंडळींवर. त्यांना कोणी विचारले नाही, पुरेसे शिकवले नाही, आणि उशिराचे खापर मात्र त्यांच्याच माथी फोडले.

पडद्यावर तपासणी होतच नाही असे कोणी यावरून समजू नये. बेळगावच्या विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाने मुंबईच्या कितीतरी आधी डिजिटल मूल्यमापन सुरू केले होते. अडचणी तिथेही आल्या. पण एका उन्हाळ्यात सतरा लाख उत्तरपत्रिकांची उडी मारणे आणि पायरी-पायरीने जाणे यांत फरक आहे.

हे आपल्याकडेच घडते असेही नाही. इंग्लंडातल्या केंब्रिज विद्यापीठाने २००० साली कॅप्सा नावाची नवी हिशेब-प्रणाली एकदम सुरू केली. विभागांना बिले भागवता येईनात, संशोधकांना आपल्या निधीत किती पैसे उरले ते कळेना, कर्मचारी रडकुंडीला आले. सुमारे नव्वद लाख पौंड खर्ची पडले आणि पुढच्या वर्षी चौकशी अहवालात विद्यापीठाच्या कारभारावरच कडक ताशेरे आले. त्यानंतर वीस वर्षांनी, २०२२ मध्ये, एडिंबरा विद्यापीठात मनुष्यबळ आणि हिशेबाची नवी प्रणाली आली तेव्हा पीएचडीच्या विद्यार्थ्यांच्या विद्यावेतनाला उशीर झाला, पुरवठादारांची देणी अडकली. केंब्रिजचा अहवाल जाहीर होता, कोणालाही वाचता येत होता. ज्ञान साठवून ठेवण्यासाठी प्रणाली आणणाऱ्या संस्था एकमेकींच्या अनुभवाचे ज्ञान मात्र घेत नाहीत, याची गंमत वाटते.

आता आपल्या दाराशी येऊ. २०२४ मध्ये जीकॅसच्या पहिल्या वर्षी महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या वाणिज्य विद्याशाखेत स्थानिक मुलांना प्रवेश मिळेना म्हणून बडोद्यात आंदोलने झाली आणि शेवटी जागा वाढवाव्या लागल्या, हे सभासदांना आठवत असेल. जागांचा प्रश्न धोरणाचा होता, पोर्टलचा नव्हता, असे काही जण म्हणतात. ते अर्धेच खरे आहे. पूर्वी जागा कमी असल्या तर पालक डीनच्या दालनात जाऊन भांडत, कोणीतरी ऐकून घेई, निदान नकार तोंडावर मिळे. आता खिडकीवरचा माणूस सांगतो, "हे सगळं वरून आहे, आमच्या हातात काही नाही." तो खोटे बोलत नसतो.

या खिडकीवरच्या माणसाबद्दल थोडे लिहायला हवे, कारण आपण सगळे त्याच्यावरच चिडतो. एका कार्यालयात आमच्यापैकी दोघे एका मुलीबरोबर गेलो होतो. तिच्या आडनावाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक अक्षर जास्त पडले होते. खिडकीवर पंचविशीतला मुलगा, कंत्राटी, अकरा महिन्यांच्या नेमणुकीवर. चूक त्याला पडद्यावर दिसत होती. दाखला समोर होता. तो म्हणाला, "दिसतंय मला, पण माझ्याकडे एडिटचा राइट नाही. तिकीट रेझ करतो." तिकीट म्हणजे तक्रारीचा क्रमांक. ती तक्रार कोणत्या शहरात कोण पाहतो हे त्यालाही ठाऊक नव्हते. त्याच्या मागे तीसेक जणांची रांग. दिवसभरात त्याला किती शिव्या बसत असतील ते सांगायला नको. आम्ही निघताना तो हळूच म्हणाला, "तुम्ही तरी ओरडला नाहीत."

जुन्या कारकुनाकडे अधिकार होते आणि त्याचा दुरुपयोगही होई, हे आम्ही विसरलेलो नाही. चहापाण्याशिवाय फाइल न हलवणारे महाभाग आपण सर्वांनी पाहिले आहेत. पोर्टलमुळे ते बरेच कमी झाले, हा मोठा फायदा आहे आणि तो नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. डांग किंवा छोटा उदेपूरच्या मुलीला अर्ज आणण्यासाठी बडोद्याला दोनदा यावे लागत नाही, हाही फायदाच. आमची तक्रार एवढीच, की चूक करण्याचा अधिकार यंत्राला दिला आणि ती दुरुस्त करण्याचा अधिकार कोणालाच दिला नाही.

आपल्या समाजाला हे जास्त बोचते त्याचे एक कारण नावे. आडनावांचेच घ्या. जाधवमधला 'ह' गुजरातेत अनेकदा गळून 'जादव' होतो. चव्हाणांचे चौहाण होतात. खुद्द गायकवाड हे आडनाव इंग्रजीत तीन तऱ्हांनी लिहिलेले सापडते: इंग्रजांच्या दप्तरात एक, राजघराण्याचे एक, आणि बाकीच्या गायकवाडांचे आणखी एक. महाराजांना आज श्रेयांक बँकेत खाते उघडायचे असते तर त्यांच्यावरही तिकीट रेझ करण्याची वेळ आली असती. स्त्रियांची स्थिती याहून अवघड. आपल्याकडे लग्नात आडनावाबरोबर पाळण्यातले नावही बदलण्याची रीत होती, अजून काही घरांत आहे. चाळिशीत राहिलेली पदवी पूर्ण करायला निघालेल्या एका भगिनीचे बारावीच्या गुणपत्रकावरचे नाव आणि आधारवरचे नाव यांत एकही शब्द समान नाही. राजपत्रातली नोंद, प्रतिज्ञापत्र, विवाह नोंदणी दाखला, सगळे तिने दिले. पण प्रणालीत कागद जोडायची जागा एकच, आणि तीही ठरावीक आकारापेक्षा मोठी फाइल घेत नाही. तिने त्या वर्षी प्रवेशाचा नाद सोडला. शिक्षण मध्येच सोडून पुन्हा सुरू करता यावे म्हणून आणलेली व्यवस्था जिच्यासाठी होती, तीच बाहेर राहिली.

इथे कायद्याचा एक मुद्दा लक्षात ठेवावा. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ च्या आधार निकालात शिक्षणसंस्थांना आणि परीक्षा मंडळांना आधारची सक्ती करता येणार नाही असे सांगितले. 'अपार'ही कागदोपत्री ऐच्छिक आहे. अज्ञान मुलासाठी पालकांची लेखी संमती लागते. पण फॉर्ममध्ये तो रकाना भरल्याशिवाय पुढचे पान उघडत नसेल, तर ऐच्छिक या शब्दाला काय अर्थ उरतो? हा प्रश्न आपण लेखी विचारला पाहिजे. तोंडी विचारून उपयोग होत नाही, असा आमचा अनुभव आहे.

प्राध्यापकांकडे वळू. आपल्या मंडळात सेवेतले आणि निवृत्त असे बरेच प्राध्यापक आहेत. त्यांना विचारले, वर्षातून किती ठिकाणी तीच माहिती भरता? मोजता मोजता ते थकले. नॅकसाठी वेगळी, एनआयआरएफच्या क्रमवारीसाठी वेगळी, उच्चशिक्षणाच्या अखिल भारतीय सर्वेक्षणासाठी वेगळी, गुणवत्ता कक्षाची वेगळी, शिवाय विद्यापीठाच्या स्वतःच्या पोर्टलवर. व्याख्यान दिले तर त्याचा फोटो हवा, फोटोत तारीख आणि जागा उमटलेली हवी. एक प्राध्यापिका म्हणाल्या, "पूर्वी मी वर्गातून बाहेर पडले की मुलं मागं यायची शंका विचारायला. आता मीच घाईत असते, फोटो अपलोड करायचा असतो." त्या हे हसत सांगत होत्या.

मराठीच्या प्राध्यापकांचे दुखणे याहून वेगळे. आपल्या विद्यापीठात मराठी विभाग आहे, ही आपल्या समाजाच्या दृष्टीने केवढी मोठी गोष्ट. पण एनआयआरएफमध्ये संशोधनाची मोजदाद स्कोपस आणि वेब ऑफ सायन्स या परदेशी माहितीकोशांवरून होते आणि त्यांत मराठी नियतकालिके जवळजवळ नाहीतच. बडोदे संस्थानातल्या मोडी कागदांवर कोणी दहा वर्षे खपून मराठीत लेख लिहिला, तर त्या हिशेबात तो शून्य. मध्यंतरी आयोगाने केअर नावाची मान्य नियतकालिकांची यादी केली होती, तिच्यात काही भारतीय भाषांना जागा होती; तीही यादी २०२५ च्या सुरुवातीला बंद करून निर्णय संस्थांवर सोपवला. त्याआधी २०१० पासून प्राध्यापकांच्या कामाला गुण देणारी एपीआय पद्धत होती, तिने पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांचे पीक आले आणि २०१८ च्या नियमांत ती मागे घ्यावी लागली. मोजण्याची पद्धत बदलते, मोजणारे बदलतात, आणि तरुण प्राध्यापक दर वेळी नव्या रकान्यासाठी काम करायला शिकतो. मराठीत लिहू नकोस, तुझ्या बढतीला उपयोग नाही, असा सल्ला ज्येष्ठच देऊ लागले आहेत. त्यांना दोष तरी कसा द्यावा.

या गोतावळ्यात चांगले चाललेले कामही आहे. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटने उभारलेल्या शोधगंगेवर देशभरातले प्रबंध कोणालाही फुकट वाचता येतात. आपल्या कोणाच्या काकांनी चाळीस वर्षांपूर्वी लिहिलेला प्रबंध घरबसल्या उघडतो तेव्हा डोळे भरून येतात. ते काम टिकले, कारण ते हळूहळू वाढले आणि ग्रंथपालांच्या हातात राहिले, असे आम्हाला वाटते.

ग्रंथपालांवरून बडोद्याचीच गोष्ट निघते. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये अमेरिकेतून विल्यम बॉर्डन या ग्रंथपालाला बोलावले. संस्थानभर ग्रंथालयांचे जाळे विणायचे होते. आजच्या भाषेत तो देशातला एक मोठा ज्ञानव्यवस्थापनाचा प्रकल्पच. बॉर्डन यांनी वर्गीकरणाची पद्धत बसवली, मध्यवर्ती ग्रंथालय उभे केले, पेट्यांतून गावोगावी जाणारी फिरती ग्रंथालये सुरू झाली. पण १९११ मध्येच त्यांनी स्थानिक मंडळींसाठी ग्रंथपालनाचा वर्ग सुरू केला. पद्धत परदेशी होती, चालवणारे हात इथले तयार केले. 'लायब्ररी मिसलेनी' नावाचे त्रैमासिक निघाले, तेही इंग्रजीबरोबर गुजराती आणि मराठीत. बॉर्डन तीन वर्षांत परत गेले, आणि काम थांबले नाही. आज शंभर कोटींची प्रणाली येते तेव्हा प्रशिक्षण म्हणजे दोन तासांची ऑनलाइन सभा आणि एक पीडीएफ, तीही फक्त इंग्रजीत.

माणसाच्या हातात जे ज्ञान असते ते कसे जाते, याचे एक उदाहरण आमच्यातलेच. आपले एक ज्येष्ठ सभासद एका शिक्षणसंस्थेच्या जुन्या दप्तर विभागात तीस वर्षे होते. निकालाची हस्तलिखित बाडे त्यांच्या ताब्यात. कोणत्या वर्षी पुरवणी परीक्षेला तेच बैठक क्रमांक पुन्हा दिले गेले, कोणते बाड बांधताना दोन वर्षांची पाने एकत्र आली, कुठल्या कारकुनाचा सात आणि एक सारखा दिसतो, हे सगळे त्यांना पाठ. दप्तर संगणकावर चढवण्याचे काम बाहेरच्या संस्थेला दिले. नोंदीमागे पैसे, त्यामुळे भरणाऱ्या मुलांना घाई. या गृहस्थांना कोणी काही विचारले नाही. "तुमचं काम आता कमी होईल" एवढेच सांगितले. ते निवृत्त झाले. पुढे कॅनडात असलेल्या एका माजी विद्यार्थिनीला शिक्षणाच्या पडताळणीसाठी जुनी गुणपत्रके हवी होती. उत्तर आले, नोंद आढळत नाही. तिच्या आईने मंडळात फोन केला. आम्ही यांना सांगितले. ते स्वतः गेले, ओळखीच्या शिपायाला घेऊन तळघरात उतरले आणि पाऊण तासात पान काढून दिले. तिच्या वर्षाची पाने मागच्या वर्षाच्या बाडात बांधली गेली होती, आणि भरणाऱ्या मुलाने साल कव्हरवरून घेतले होते. त्या बाडात तिच्यासारखे आणखी कितीतरी जण असतील. त्या सर्वांची नोंद अजून आढळत नाही.

ही दुरुस्ती कुठे कळवायची, असे त्यांनी तिथल्या अधिकाऱ्याला विचारले. अधिकारी भला माणूस होता. म्हणाला, "काका, आमच्या सॉफ्टवेअरमध्ये शेरा लिहायचा रकाना नाही." जुन्या बाडांना समास होता. समासात कोणीतरी पेन्सिलीने लिहून ठेवी, 'पुढील पान पाहा'. ज्ञानव्यवस्थापनाच्या पुस्तकांत न बोलल्या जाणाऱ्या ज्ञानावर प्रकरणेच्या प्रकरणे आहेत. इंग्रजी विचारवंतांनी, जपानी प्राध्यापकांनी त्यावर भरपूर लिहिले आहे. आपल्याला मात्र समासाएवढी जागा मिळाली तरी पुष्कळ.

आता आपण काय करायचे ठरवले आहे ते सांगतो. येत्या प्रवेशाच्या हंगामात मंडळाचे मदत केंद्र रोज संध्याकाळी चालेल. येताना शाळा सोडल्याचा दाखला, दहावी आणि बारावीची गुणपत्रके, आधार आणि आधारला जोडलेला मोबाइल घेऊन यावे. मोबाइल आजोबांच्या नावावर असेल तर आजोबांनाही आणावे, ओटीपी त्यांच्याकडेच येतो. नावात फरक असेल तर निकालाची वाट पाहू नका. अकरावीत असतानाच आधारवरचे नाव दाखल्याप्रमाणे करून घ्या, किंवा शाळेत अर्ज देऊन उलट करा. बारावी झाल्यावर शाळेच्या नोंदीत बदल करणे फार अवघड जाते. लग्नानंतर नाव बदललेल्या भगिनींनी राजपत्रातील नोंदीची प्रत लहान आकाराच्या एकाच फाइलमध्ये करून ठेवावी. ती आम्ही करून देऊ. तक्रार केली की क्रमांक आणि तारीख मंडळाच्या वहीत लिहून जा. तीस-चाळीस तक्रारी एकत्र झाल्या की माहिती अधिकारात एकच प्रश्न विचारता येतो: यांचे काय झाले, आणि दुरुस्तीचा अधिकार कोणत्या पदावरच्या माणसाला आहे?

दुसरे, शाळा, महाविद्यालये, ग्रंथालये आणि विद्यापीठाच्या कचेऱ्यांत काम केलेल्या आपल्या निवृत्त सभासदांची यादी आम्ही करत आहोत. त्यांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करायच्या आहेत. मोठी भाषणे नकोत, बाडे कुठे आहेत आणि ती कशी वाचायची एवढेच. वर उल्लेख केलेले गृहस्थ पहिल्या रविवारी सकाळी दहाला येणार आहेत. बाडांचे काही फोटो त्यांनी तेव्हाच काढून ठेवले आहेत. मोडीतले आणि जुन्या वळणाचे आकडे वाचू इच्छिणाऱ्या तरुणांनी यावे, चष्मा असल्यास आणावा.